होडीवरचा फोन

"ताई, मग अँड्रॉइड दहापासून पुढचेच फोन धरू ना?" अलिबागहून कल्पिता फोनवर विचारत होती. "तुमच्या यादीत एकही जुना फोन नाहीये. उगाच खालच्या व्हर्जनची कटकट नको."

वादळाचा इशारा थेट होडीवर पोचवणारं ॲप ती मच्छीमार सोसायटीसाठी बनवत होती. ते कुठल्या फोनपर्यंत चालवायचं, हे सुचिताच्या यादीवरून ठरणार होतं. सुचिता एकवीस वर्षं सोसायटीत कारकून. यादी सुवाच्य, समास सोडून. बेचाळीस होड्या, बेचाळीस फोन.

'धर' म्हणणार, तेवढ्यात बर्फाच्या चिठ्ठीसाठी आलेल्या येसाजींचा खिसा वाजला. त्यांनी दुधाच्या पिशवीतून फोन काढला. काच तडकलेली, पाठीला रबरबँड.

"काका, यादीत तुमचा नवाकोरा फोन आहे."

"तो सुनेचा. तू म्हनलीस फोन दाखवाला आना. मंग चार लोकांत ह्यो भंगार दाखवू? आनि नवा फोन दर्यात कोन नेतो, बाय? खाऱ्या पान्यानं महिन्यात मरल."

"सगळ्यांचंच असं?"

"व्हय. घरात जुना झाला का होडीवर. माज्यासारकाच."

सुचितानं फोन कानाला लावला. "कल्पिता, थांब. यादी चुकली. माझीच चूक." एकवीस वर्षांत हे वाक्य तिला कधी लागलं नव्हतं, जरा अडखळलंच.

पुढचे तीन दिवस होड्या लागायच्या वेळी ती धक्क्यावर उभी. पिशव्या सोडायच्या, काचेवरचे खवले पुसायचे, सेटिंगमध्ये शिरून व्हर्जन टिपायचं.

"सुचिते, आमच्या घोवांचे फोन तपासतंस काय गं?" मासळीच्या पाटीमागून आवडाबाई ओरडली.

"तुझ्याच घोवाचा राहिलाय. का लपवतोय तो?"

धक्का हसला.

नव्या यादीत दहाच्या खालचे सव्वीस निघाले. कल्पितानं मोठा उसासा टाकला. "सातपर्यंत खाली येते. प्रत्येक व्हर्जनवर वेगळं तपासायचं, महिना जाईल. पण सहावर नाही जमणार. इशारा वेळेत येत नाही, आणि उशिरा आलेला काय कामाचा?"

सहाचा एकच होता. येसाजींचा.

"माझा फोन न्या," सुचिता त्यांना म्हणाली.

"आनि बुडवला तं जनमभर ऐकवशील. ऱ्हाऊ दे. प्रज्योतची होडी माज्या बाजूलाच असते. त्याचा वाजला का हाक मारल."

सुचितानं प्रज्योतला ऑफिसात बोलावलं. "काकांना दिसत राहायचं. जाताना, येतानाही. जमेल?"

"जमल, ताई."

"जमल नको. सही कर."

त्यानं यादीत, काकांच्या ओळीत केली.

संध्याकाळी अलिबागहून फोन आला. "ताई, बेचाळिसाव्या ओळीत व्हर्जनच्या जागी माणसाचं नाव पडलंय. काढू?"

"राहू दे," सुचिता म्हणाली. "ते तपासून घेतलंय."