चंद्राबाईचं तपेलं

चंद्राबाई जिवंत होती तोवर डाळजच्या त्या घरात तिची इच्छा कोणी विचारली नव्हती. आमटीला मीठ किती, एवढ्यापुरता तिचा शब्द चाले, आणि तोही तिचा नवरा भिमाआबा पहिला घास घेईपर्यंत. पण ती गेली, दहाव्याला उजनीच्या पाण्याकाठी कावळा पिंडाला शिवेना, आणि अख्खी भावकी तिच्या इच्छेच्या शोधाला लागली.

मुलाने, विशालने, डाळिंबाची बाग नीट सांभाळीन असा शब्द दिला. आबांनी तंबाखू सोडतो म्हणून सांगितलं, पण इतक्या हळू की कावळ्यालाही ऐकू गेलं नसेल. शेवटी आबांची थोरली बहीण गोजरबाई पुढे झाली. सून वृषाली तेव्हा नुकतीच गरोदर होती. चंद्राबाईचं पितळी तपेलं माळ्यावरून काढीन आणि बाळंतपणापर्यंत सुनेचं त्यातच रांधीन, असं आत्याने हात जोडून सांगितलं. कावळा उतरला. त्याच वेळी मोबाइलवर शूटिंग करणारा विशाल पिंडापासून बाजूला झाला होता, हे चंद्राबाईच्या मुलीने पाहिलं होतं. पण असल्या वेळी असलं बोलत नाहीत.

मुलीचं नाव छकुली. लाडाचं नाव शाळेच्या दाखल्यावर चढलं ते तिथेच राहिलं. आता ती चाळिशीला आली होती, बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती; पण छकुली नावाच्या बाईचं रसायनशास्त्र घरात कोण ऐकून घेणार?

ते तपेलं माळ्यावर टाकलं होतं खुद्द चंद्राबाईनेच. कल्हईवाला गावात फिरकेनासा झाला आणि कल्हई गेलेल्या पितळेत आंबट कळकतं, म्हणून तिने स्टीलचं पातेलं घेतलं. पुढे सगळा जन्म त्यातच रांधलं. पण आता ती कशात रांधायची हे ती सांगणार नव्हती, गोजरबाई सांगणार होती.

विशालने बारामतीहून तपेल्याला कल्हई करून आणली. आत आरसा. आत्याने त्यात आपलं तोंड पाहिलं आणि ती प्रसन्न झाली. पितळेतल्या अन्नाने पोरं हुशार निपजतात, असं तिने जाहीर केलं. पोटातल्या बाळाला घरात आधीच ‘कलेक्टर’ म्हणत होते. विशाल रोज सकाळी बायकोच्या पोटाशी मोबाइल धरून कलेक्टरला चालू घडामोडी ऐकवत असे. वृषालीला डोहाळे लागले ते आंबटाचे. मग कलेक्टरसाठी रोज चिंचेची आमटी, त्याच तपेल्यात.

महिन्याच्या नैवेद्याला छकुली आली तेव्हा तिने सहज तपेलं आतून रुमालाने पुसलं. रुमालावर काळसर राखाडी पट्टा उमटला. तिने बारामतीत जाऊन कल्हईवाल्याला गाठलं. माणूस मोकळा होता. कथील केवढ्याला झालंय, तो म्हणाला, त्यात शिसं घातल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या भावात बसत नाही. आणि चकाकी काय आली होती ते बघितलं का, असं उलट त्यानेच विचारलं.

छकुलीने घरी येऊन सोपं करून सांगितलं. आंबटात शिसं उतरतं. आईच्या रक्तातून ते बाळाच्या रक्तात जातं आणि घडत्या मेंदूतच घर करतं. विशाल म्हणाला, आज्ज्या-पणज्या पितळेतच शिजवत आल्या, आपल्याला काय झालं? विशालच्या रूपाने पुरावा समोरच बसलेला असताना उत्तर देणं छकुलीला बरं वाटलं नाही.

ती वृषालीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी रक्त तपासलं. शिसं असायला नको तेवढं निघालं. बाळापर्यंत गेलं ते परत काढता येत नाही, आजपासून थांबवलंत तर पुढचं वाचेल, असं त्या म्हणाल्या. आत्याने शांतपणे विचारलं, सोनोग्राफीत बाळ कसं दिसलं? चांगलं दिसलं. मग झालं तर. मेंदूचं नुकसान सोनोग्राफीत दिसत नाही, हे छकुलीने सांगितलं. दिसत नाही ना, मग कशाला बोलतीस, असं आत्याचं म्हणणं पडलं. आणि ती पुन्हा तपेल्यातली आमटी घेऊन वृषालीच्या ताटाशेजारी येऊन बसली.

वृषालीने छकुलीला परसात गाठलं. “ताई, मला कळतंय हो. पण आत्या म्हणत्यात, कावळ्याला शब्द दिलाय. मी न्हाय म्हटलं आन उद्या बाळाला काय झालं, तर माझ्यावरच यील.”

तपासणीच्या कागदापेक्षा या घरात कावळ्याचं वजन जास्त होतं. हे छकुलीला त्या वेळी नीट कळलं.

दुसऱ्या महिन्याचा नैवेद्य परसातल्या भिंतीवर ठेवला. कावळा लिंबावर बसून राहिला. भिंतीशी मोबाइल धरून उभ्या विशालने पुन्हा डाळिंबं सांगितली, आबांनी पुन्हा तंबाखू. मग छकुली पुढे झाली. आयुष्यात आईच्या नावावर ती कधी खोटं बोलली नव्हती.

“आये,” ती म्हणाली, “तुझं तपेलं दुसऱ्या कुणी वापरलेलं तुला चालत नाही, हे आम्हाला कळलं. ते तुझ्या फोटोपुढं ठेवतो. त्यात कुणाचं काही शिजणार नाही.”

आणि ती विशालचा मोबाइलवाला हात धरून त्याला घरात घेऊन गेली. मागे कावळा उतरला.

गोजरबाईला गहिवरून आलं. खरं तर तिला फार बरं वाटलं होतं. “मला ठावंच व्हतं,” ती शेजारणीला सांगत होती. “वरनं साधी दिसायची. पर जीव समदा भांड्यात. सुनंला सुदीक दिऊ वाटंना.”

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. दारी आलेल्याला स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून देणारी चंद्राबाई एका दिवसात गावची चिक्कू बाई ठरली. भेटायला आलेली एक म्हातारी छकुलीला म्हणाली की होतं असं एकेकीचं, आपण मनावर घेऊ नये. छकुलीने मान हलवली.

तपेलं फोटोपुढे गेलं. विशालने त्याला झेंडूची माळ घातली.

रात्रीची आमटी पोचे पडलेल्या स्टीलच्या पातेल्यात झाली. छकुलीनेच केली. वृषाली दोन वाट्या प्यायली. हे पातेलं कोणाचं, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

भिमाआबांनी पहिला घास घेतला. “मीठ कमी हाय,” ते म्हणाले, आणि मग बराच वेळ दुसरा घास घेतला नाही.