डावा कान

"नखं विसरू नकोस रे. नखं नसली तर तो नुसता देव. माणूस झालाच नाही म्हण."

बापाचा हा आवाज साठ वर्षं कासियानच्या कानात मुक्कामाला होता. तेव्हा तो सात वर्षांचा होता. बाप बाळ येशूची बोटं कोरायचा आणि हा पायाशी बसून लाकडाच्या कपच्या गोळा करायचा. पुढे बाप गेला, पटाश्या वाट्याला आल्या, आणि पटाश्यांबरोबर आवाजही आला. कासियानने आजवर जेवढी बाळं कोरली, त्या सगळ्यांच्या वीसही बोटांना नखं होती.

त्यातलं एक बाळ आज टॉवेलात गुंडाळून घरी परत आलं होतं.

"गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवलं," फादर हार्टमान बूट झटकत म्हणाले. गावात येऊन त्यांना चारच महिने झाले होते. "वळणं फार आहेत तुमच्या वाटेत."

"पट्टा लावलात ते बरं केलंत," भट्टीतून सुक्या नासपतीचा पाव काढत कासियानची बायको नोटबुर्गा म्हणाली. "एक कान आधीच गेलाय त्याचा."

फादर हसले. "त्यासाठीच आलोय. पाठीला कीड लागलीय, ती भरून घ्या. आणि कासियान, एवढा कानही सरळ करा. उद्या चारच्या प्रार्थनेला, नाताळच्या मिस्सेला, बाळ चर्चच्या गव्हाणीत ठेवायचंय."

बाळाचा डावा कान वरून दुमडलेला होता, कोवळं पान गारठ्यानं मुडपावं तसा. गाव म्हणे, कासियानची पटाशी जन्मात एकदाच घसरली, आणि घसरली तीही देवावर. नाताळच्या मिस्सेनंतर बाळाच्या पायाचं चुंबन घ्यायला रांग लागली की म्हाताऱ्या नातवंडांना ढकलत, "उजवीकडून माग रे, त्या कानानं त्याला ऐकू येत नाही!" एकेचाळीस वर्षं कासियानने ही चेष्टा हसून घेतली. कोरणाऱ्याला दारुडा म्हणा, चालेल. पण हात घसरला म्हणणं म्हणजे थोबाडीत मारणं.

आणि हात घसरलाच नव्हता.

एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात बर्फानं घाट बंद झाला होता. नोटबुर्गा तापानं फणफणलेली, शुद्ध हरपलेली. आणि पोर सहा आठवडे आधीच आली. सुईणीनं घाईघाईनं तिच्या कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं, नाव ठेवायचं मात्र कुणाला सुचलं नाही. चार तास ती कासियानच्या हातात होती, याच चुलीपाशी. तांदळाच्या कणीएवढी नखं. डावा कान दुमडलेला. दुपारचं दूध काढायची वेळ झाली आणि ती गेली.

"बायकोपुढं बोलू नकोस फार," सुईण म्हणाली होती. "चेहरा ठाऊक नसला की दुःखाला बसायला जागा मिळत नाही."

पाचव्या दिवशी नोटबुर्गा शुद्धीवर आली तेव्हा पोर आजीच्या थडग्यात निजली होती. नोटबुर्गानं एकदाच विचारलं, "कशी होती?"

"पोरं असतात तशी," कासियान म्हणाला.

तिनं पुन्हा विचारलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं नाही. त्याच हिवाळ्यात चर्चला नवं बाळ हवं होतं. कासियान लाकूड घेऊन बसला, आणि हातांना जे आठवत होतं तेच हातांनी केलं. रंग नोटबुर्गानं भरला, नेहमीसारखा. गालांवर बोटानं लाली फिरवताना ती मेंढपाळांचं गाणं गुणगुणत होती:

पाळणा नव्हता बाई, गव्हाण केली,
उबेला गाईनं फुंकर दिली.

तेव्हापासून कासियानच्या डोक्यात गुंता होता. सारं गाव गुडघे टेकून जिच्या पायांचं चुंबन घेत होतं ती कोण होती? आपण देवाच्या जागी आपली पोर नेऊन ठेवली, की देवच तिच्या चेहऱ्यानं आला? हे पाप म्हणावं, तर त्याची कबुली काय देणार? दोनदा तो कबुलीला गेला आणि दोन्ही वेळा बकरीला शिव्या दिल्याचंच सांगून परतला.

आज त्याला राहवेना. "फादर, एक विचारू? देव माणूस झाला, तो कुणाच्या चेहऱ्यानं?"

फादरांनी पावाचा तुकडा मोडला. "आईच्याच असणार. बाप तर देवच, त्याला कुठं चेहरा होता?" मग ते जरा गंभीर झाले. "देवाचा शब्द देह झाला, असं आपण म्हणतो. आता देह म्हटला की तो कुणासारखा तरी दिसणारच. सगळ्यांसारखा माणूस म्हणजे कुणीच नाही."

"मग कान राहू दे की. माणसांचे असतात असे."

"अहो, असतात. पण लोक हसतात हो!"

कासियानला काही उमगेना. एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाठीची भोकं भरून झाली. कान तेवढा उरला. कासियान पटाशी उचली आणि खाली ठेवी. चार फटके, काम झालं असतं. पण तो चेहरा या घरात दुसरीकडे कुठंच नव्हता. फोटो नव्हता, केसाची बट नव्हती. आणि कान का ठेवला म्हणून उद्या कुणी विचारलं, तर सांगावं लागणार होतं. आधी कुणाला सांगावं लागणार, तेही त्याला ठाऊक होतं.

"अजून तसाच?" रंगाच्या वाट्या घेऊन नोटबुर्गा आत आली. "अडीच वाजले, कासियान. रंग काय गव्हाणीत वाळवायचा?"

"बुर्गल, राहू दे कान."

"फादरांना काय सांगू? म्हाताऱ्याला आपल्या चुकीचा लळा लागलाय म्हणून?" तिनं बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलं. "आण ती कानस. तुझ्यानं होत नसेल तर मी घासते. वर खडूचा लेप दिला की देवालासुद्धा कळायचं नाही."

तिनं डाव्या हातानं बाळाचं डोकं सावरलं. तान्ह्याचं सावरतात तसं, मानेखाली तळवा देऊन. कानस कानाला टेकली.

कासियाननं तिचं मनगट धरलं.

"सोड. वेड लागलं का तुला?"

त्यानं सोडलं नाही. चुलीत लाकूड तडकलं. तिनं वर पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू ओसरली.

"काय झालं रे?"



"तू विचारलं होतंस," तो म्हणाला, "कशी होती म्हणून."

कानस तिच्या हातातून गळून पडली.

"अशी होती, बुर्गल. अशीच. कानासकट."