चाळीस मिनिटांची खोटी साक्ष

मी एक टाइमर बोलतोय. अंडी उकडायला ठेवली की तबकडी फिरवून ओट्यावर ठेवतात ना, तो. लाल पत्र्याचा, मुठीएवढा, पोटात एक स्प्रिंग आणि एक घंटा. एवढ्याशा जिवाला कसली आलीय लाज, असं तुम्ही म्हणाल. पण मला लाज वाटते. सात वर्षं मी एका बाईच्या घरात राहून, तिच्याच कानांवर रोज घंटा वाजवून तिला फसवलं.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यातला. त्यातलं मला काही आठवत नाही, आणि जन्म तसा कुणालाच आठवत नाही. त्या बाईचं नाव गुद्रून. तिच्या मावशीने तिच्या लग्नात मला आहेर म्हणून दिलं आणि तेव्हापासून मी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाडीकाठच्या एका पांढऱ्या घरात राहतो. गुद्रून शाळेची छोटी बस चालवते. सकाळी मुलं पोचवायची, दुपारी परत आणायची. हाताने भक्कम, बोलायला मोकळी, आणि अकॉर्डियन अशी वाजवते की खुर्च्यांनाही नाचावंसं वाटावं. नवरा ऐविन. तो कादंबरीकार.

पहिली काही वर्षं मी इमानाने अंडी उकडली, पाव भाजला. मग ऐविन स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची पहिली कादंबरी लिहायला बसला. मन लागेना, म्हणून समोर दिसलेल्या मला उचललं आणि चाळीस मिनिटांवर फिरवलं. "हा वाजेपर्यंत उठायचं नाही," स्वतःलाच म्हणाला. रोज नऊ वाजता सुरुवात, अशा तीन फेऱ्या, मधे कॉफी. थांबताना वाक्य मुद्दाम अर्धवट सोडायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते पुरं करायच्या निमित्ताने हात चालू होई. लिहिलेलं मोठ्याने वाचायचा आणि जिथे जीभ अडखळेल तिथे काट मारायचा. नवं पात्र आलं की आधी विचारायचा, याच्या खिशात काय आहे? कोट कसला, नाक कसं, ते नंतर. आणि एक नियम तर तो भिंतीलाही सांगायचा: "माणसाला काहीतरी हवं असलं पाहिजे, आणि कुणीतरी वाट अडवून उभं असलं पाहिजे. नाहीतर ती गोष्ट नव्हे, हवामानाचा अंदाज."

ते दिवस माझ्या अभिमानाचे. मी वाजायचो तेव्हा टेबलावर खरोखरची पानं असत, शाई ओली असे. कादंबरी आली, नावाजली गेली, राजधानीतले लोक त्याला फोन करू लागले. मग गुद्रूनने वरची खोली त्याच्यासाठी रिकामी केली. खिडकीतून खाडी, खाडीपलीकडे मेंढ्यांचा उतार. मलाही त्याने वर नेलं. तेव्हापासून गुद्रून अंडी मनातल्या मनात गाणं म्हणून उकडू लागली. तीन कडवी झाली की उतरवायची. कधी कच्ची राहत, कधी दगड होत. तक्रार तिने कधी केली नाही.

दुसऱ्या कादंबरीची पहिली दोन वर्षं सरळ गेली. दोनशे बारा पानं झाली. एका फेब्रुवारीत त्याने ती सगळी मोठ्याने वाचून काढली. दोन दिवस वाचत होता. शेवटचं पान ठेवलं आणि म्हणाला, "सगळे माझ्यासारखेच बोलतात. म्हातारीही, पोरगीही. बोकड असता तर तोही माझ्यासारखाच बोलला असता." मग खोली तापवायच्या शेगडीचं दार उघडलं आणि पानं आत घातली, एकेक मूठ. गुद्रून बस घेऊन गेली होती. आली ती हात चोळत वर आली आणि म्हणाली, "वा! आज खोली छान तापलीय रे."

"हो," तो म्हणाला.

एवढंच. खोटेपणा काही ढोल वाजवत येत नाही. तो असा एका अक्षरात घरात शिरतो.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्याने मला फिरवलं. समोर कोरा कागद. मला वाटलं, आज दम घेतोय, उद्या लिहील. त्यालाही तसंच वाटलं असणार. माणसांना 'उद्या' हा शब्द फार आवडतो, मला तर तो ठाऊकही नाही, माझ्या तबकडीवर साठच्या पुढे आकडा नाही. तो खिडकीतून मेंढ्या बघत बसला. अधूनमधून खुर्ची सरकवायचा, खोकायचा, खाली आवाज जावा म्हणून. चाळीस मिनिटं झाली, मी खणखणीत वाजलो. खाली कॉफीची किटली खडखडली. तो जिना उतरताना दमल्यासारखा चेहरा करून गेला. "जमलं का?" गुद्रूनने विचारलं. "आज चांगलं झालं," तो म्हणाला.

असं सात वर्षं. रोज तीन वेळा मी वाजायचो आणि रोज तीन वेळा तिला वाटायचं, वर काम झालं. मी न वाजून पाहायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण स्प्रिंग सुटली की मला गप्प राहता येत नाही, ही माझी जात. माझ्या आवाजावर तिचा विश्वास होता, नवऱ्याच्या शब्दापेक्षाही जास्त. नवरा थापा मारू शकतो, टाइमर कसा मारेल? तिला काय ठाऊक की घंटा फक्त वेळ झाल्याचं सांगते. कामाबद्दल ती चकार शब्द काढत नाही.

गावात ती मोठ्या तोऱ्यात सांगायची, "दुसरं पुस्तक जाडजूड होणार. घाई करणाऱ्यातला नाही तो." लोक मान डोलवायचे. ऐविन असला तर बुटांकडे बघायचा.

गेल्या शरदात ग्रंथपाल सिस्सेलने एक संध्याकाळ ठरवली. विषय, 'कादंबरीकाराचा दिवस'. ऐविनने दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा गुद्रूननेच परस्पर हो सांगून टाकलं. पलीकडच्या वाडीवरच्या म्हाताऱ्यांना तिने बसमध्ये भरून आणलं. त्यात ओद्मुन होता, फेरीबोटीचा जुना कप्तान, तोंडाने फटकळ. वॉफल आणि तपकिरी चीजचा वास सुटला होता. तेवीस माणसं. गुद्रून पहिल्या रांगेत, निळा स्वेटर घालून. आणि टेबलावर, सगळ्यांसमोर, मी.

ऐविन बोलला मात्र झकास. नऊचा ठोका, अर्धवट सोडलेलं वाक्य, खिशातलं काय, वाट अडवणारा माणूस. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "हा माझा मुकादम." लोक हसले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. 

"सगळं ठीक आहे," ओद्मुन मागून म्हणाला, "पण मुकादम एवढा कडक, तर इमारत कुठाय? नऊ वर्षांत आम्ही बोगदा खणून रस्ता नेला, लेका!"

"पिकल्याशिवाय पाडायचं नसतं, ओद्मुन," गुद्रूनने मागे वळून ठणकावलं. "तुझा बोगदा गळतो."

हशा पिकला. तेवढ्यात सिस्सेलने कागद आणि पेन्सिली वाटायला घेतल्या. हे ऐविनला कुणी सांगितलं नव्हतं. "आता आपण सगळे वीस मिनिटं ऐविनसारखं लिहायचं," ती म्हणाली. "विषय, 'सकाळी नऊ वाजता'. ऐविन, तूसुद्धा हं! फिरव तुझ्या मुकादमाला."

त्याने मला फिरवलं. त्याची बोटं ओली होती. तेवीस माणसं खाली मान घालून लिहू लागली. ओद्मुन ओठ हलवत लिहीत होता, गुद्रून जिभेचं टोक दाताखाली धरून. ऐविनने पेन्सिल कागदाला टेकवली आणि तशीच धरून ठेवली. वीस मिनिटांनी मी वाजलो. त्याच्या कागदावर फक्त एक टिंब होतं.

ओद्मुनने त्याच्या मेलेल्या कुत्र्यावर चार ओळी वाचल्या आणि नाक शिंकरलं. मग सिस्सेल म्हणाली, "गुद्रून, तू?" ती उठली. लाजली थोडी. वाचायला लागली:

"सकाळी नऊ वाजता वर टाइमर फिरवल्याचा आवाज येतो. मी नळ बंद करते. बूट काढून लोकरी मोजे घालते. किटली शिट्टी मारायच्या आत उचलते. अकॉर्डियन मी बसमध्ये ठेवलाय. धक्क्यावर बस उभी करून वाजवते, हिवाळ्यात बोटं गारठतात, मग काखेत धरून गरम करते. पण वर एक माणूस अख्खं गाव उभं करतोय, त्यापुढे बोटांचं काय एवढं. पुस्तकावर नाव त्याचं असेल. त्यातली शांतता माझी असेल."

सिस्सेलने डोळे पुसले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गुद्रून लाल होऊन खाली बसली.

"आता तू, ऐविन," सिस्सेल म्हणाली.

त्याने तो कोरा कागद उचलला. डोळ्यांसमोर धरला. "एक माणूस," तो वाचल्यासारखं बोलू लागला, "रोज सकाळी नऊ वाजता वरच्या खोलीत जाऊन टाइमर लावायचा आणि काहीच लिहायचा नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती, घंटा लवकर वाजावी. आणि वाट अडवून उभी होती त्याची बायको. नुसती शांत राहून. ती जितकी शांत राहायची तितकं त्याला खरं सांगणं अवघड व्हायचं..." पानं जाळल्याचं आलं. खोटं खोकणं आलं. जिन्यावरचा दमलेला चेहरा आला. शेवटी तो म्हणाला, "या गोष्टीचा शेवट त्याला ठाऊक नाही. तो त्याच्या हातातही नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या वर्षांत त्याने इतकं चांगलं काही रचलं नव्हतं. फक्त पहिल्या रांगेत निळा स्वेटर हलला नाही.

परतीच्या वाटेवर मी ऐविनच्या उघड्या पिशवीत होतो. बाहेर पावसात बर्फ मिसळून पडत होता. मागच्या बाकावरून ओद्मुन मोठमोठ्याने बोलत होता, "गोष्ट जमली हं! पण त्या माणसाला धरून बडवायला हवा. आणि बायको? एक तर बहिरी असणार, नाहीतर देवमाणूस!"

"ओद्मुन, पट्टा लाव," गुद्रून म्हणाली.

एकेक करत सगळे उतरले. मग वळणावरच्या मोकळ्या जागेत तिने बस थांबवली. दिवे चालूच ठेवले.

"किती वर्षं?"

"सात."

"आणि त्याआधीची दोन?"

"ती खरी होती. जाळली."

"त्या दिवशी खोली तापली होती."

"हो."

"मग वर बसून करायचास काय?"

"मेंढ्या मोजायचो. चौदा आहेत."

ती समोरच्या काचेतून बघत राहिली. "मी बोटं काखेत घालून बसले होते," ती म्हणाली, "आणि तू मेंढ्या मोजत होतास."

"गुद्रून, मला इतकी लाज वाटत होती की..."

"लाज वाटली म्हणून मला सांगितलंस का? नाही. गावाला सांगितलंस. तेही गोष्ट म्हणून. वर टाळ्या घेतल्यास." तिने दाराचं बटण दाबलं. गार वारा आत घुसला. "उतर. घर चार किलोमीटर आहे. चालत ये."

त्याने पिशवीला हात घातला.

"तो राहू दे इथेच."

तो उतरला. दार मिटलं. मग तिने मला पिशवीतून काढलं, तळहातावर घेतलं. ती रडत नव्हती. मला जवळ धरून, एखाद्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "सगळ्यांत आधी तुला कळलं होतं. तू तरी सांगायचंस रे."

त्या दिवसापासून मी बसच्या काचेपाशी, तिच्या हातमोज्यांशेजारी असतो. मला कुणी फिरवत नाही. ती दोघं एकाच घरात आहेत, पण मुलं उतरून बसमध्ये आम्ही दोघंच उरलो, तरी तिच्या तोंडून त्याचं नाव निघत नाही. तो आता लिहितो की नाही, मला माहीत नाही, आणि विचारायचा मला अधिकारही उरलेला नाही.

वाचकहो, तुमच्याही घरात कुणी दार लावून काम करत असेल, ठरल्या वेळी घंटा वाजत असेल आणि ते माणूस "आज चांगलं झालं" म्हणत बाहेर येत असेल, तर एक विनंती आहे. घंटेवर जाऊ नका. एकदा जिना चढा. कागद बघा. कोरा असला तर भांडा, रडा, हवं तर कॉफी प्या, पण त्याच दिवशी. सातव्या वर्षी नको.

आणि गुद्रून, माझं हे बोलणं तुझ्यापर्यंत पोचत नाही, ते मला कळतं. तू गिअर बदलतेस, आरशात मुलं मोजतेस. तरी तू मागितलेलं उत्तर मी देतो, उशिरा का होईना. पहिल्या दिवसापासून मला दिसत होतं. कागदावर काहीही नव्हतं, आणि मी वाजत राहिलो.