दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची

इमारतीला लिफ्ट नव्हती आणि मिस्त्रींचं घर चौथ्या मजल्यावर होतं. समोरच्या रस्त्यावर त्यांचं जुन्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करण्याचं दुकान. दिवसातून दोनदा जिना चढायचा, यात आयुष्यभर त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं. मग साठीच्या उंबरठ्यावर हृदयाला अवदसा आठवली. ठोके एकदम सैरावैरा पळायचे, मधेच एखादा बेपत्ता, मग तीन-चार एकमेकांच्या अंगावर. मिस्त्री दुसऱ्या मजल्यापर्यंत यायचे आणि कठडा धरून उभे राहायचे.

त्यांच्या बायकोने दुकानाच्या कोपऱ्यातली एक खुर्ची उचलून दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवली. खुर्ची म्हणजे वरातीतली सगळी पाहुणेमंडळी होती: पाय एकीचे, पाठ दुसरीची, हात तिसरीचे. गिऱ्हाइकांनी परत न नेलेल्या तुकड्यांतून मिस्त्रींनीच कधीतरी जोडलेली. ते तिच्यावर दोन वर्षं बसले आणि दोन वर्षं तिचा राग राग केला. कारण खुर्चीत बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा ‘आता कसं वाटतंय’ विचारतो, आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत वर निघून जातो.

मग डॉक्टरांनी उपाय केला. मांडीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली आणि ज्या जागा खोड्या काढत होत्या त्यांना चटके देऊन गप्प केलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, “बऱ्याच जणांना आराम पडतो. काहींना त्रास परत येतो, मग कधी औषध बदलावं लागतं, कधी हेच पुन्हा करावं लागतं. परत आला तर लपवू नका, लगेच कळवा.” मिस्त्रींनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि कान मिटून घेतले.

ज्या दिवशी ते चारही जिने न थांबता चढले, त्याच दिवशी पुन्हा खाली उतरले आणि खुर्ची उचलून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या दारात ठेवली. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, मिस्त्रींपेक्षा चांगल्या दहा वर्षांनी मोठ्या.

“घ्या,” मिस्त्री म्हणाले, “आता ही तुमच्या वयाला शोभेल.”

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, शाळेतल्या कितीतरी पिढ्यांकडे पाहिलं असेल तसंच, आणि खुर्ची आत घेतली.

त्यानंतरचे महिने मिस्त्री हवेत होते. दुकानात खुर्चीचा पाय घेऊन आलेला माणूस हृदयाची सगळी कथा ऐकल्याशिवाय सुटायचा नाही. घरी बायकोही सैलावली. आजारपणात ती त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवून झोपायची, ती सवय तिने सोडली. फिरायला जाऊ लागली, नव्या पडद्यांचं कापड घेऊन आली. मिस्त्रींना वाटायचं, आपण बरे झालो यापेक्षा ही बरी झाली हे मोठं.

आणि एका दुपारी टेबलाच्या पायावर रंधा मारताना ते परत आलं.

ओळखायला क्षण लागला नाही. नको असलेला पाहुणा दार कसा वाजवतो हे घरच्यांना पाठ असतं. मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला आणि गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत बसले. भीती वाटली, पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. परीक्षेत पास झाल्याचं गावभर सांगून यावं आणि घरी नापासाचा निकाल हातात पडावा, तसं झालं. शिवाय राग आला. एवढं सोसलं, एवढे चटके खाल्ले, तरी या हृदयाला अक्कल नाही ती नाहीच. आणि मग बायकोच्या नव्या पडद्यांची आठवण आली आणि त्यांना रडावंसं वाटलं.

तिला सांगायचं नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं. नेमकी त्याच सुमारास ती झोपेत घोरायलाही लागली होती. इतक्या वर्षांच्या संसारात कधी न ऐकलेला तो आवाज मिस्त्री पडल्या पडल्या ऐकायचे. किती निर्धास्त झोपलीये, त्यांना वाटायचं, हिची झोप मोडणारा मी कोण? मग ते स्वतःच स्वतःची नाडी बघत बसायचे.

राहता राहिला जिना. खुर्ची नाही म्हटल्यावर थांबायला निमित्त पाहिजे. मिस्त्री दुसऱ्या मजल्यावर थांबून भिंतीवरची नोटीस वाचायचे. पाण्याची टाकी साफ करणार असल्याची ती नोटीस. टाकी साफ होऊन पुन्हा घाण व्हायला आली होती. ती वाचून झाली की वाकून चपलेचा अंगठा तपासायचे. वर पोचेपर्यंत चहा उकळून उकळून काढा झालेला असायचा.

“जरा जास्तच उकळला का हो?” बायको विचारायची.

“छान झालाय,” मिस्त्री म्हणायचे आणि कडूजहर चहा मिटक्या मारत प्यायचे.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका संध्याकाळी दुकान बंद करून ते दुसऱ्या मजल्यावर आले आणि पाहतात तर कुणीतरी भिंतीला रंग देऊन नोटीस काढून टाकलेली. समोर कोरी भिंत. छातीत तर नुसता गोंधळ चाललेला. पायरीवर बसावं, तर उठता येईल याची खात्री नाही. कठड्याला घट्ट धरून मिस्त्री थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी जन्मात कुणाकडे न मागितलेली गोष्ट मागायला बाईंचं दार वाजवलं.

बाईंनी दार उघडलं.

“बाई, ती... खुर्ची...”

बाईंनी दाराआड हात घातला आणि खुर्ची बाहेर ओढली. दाराच्या अगदी मागेच होती. मिस्त्री तिच्यावर धपकन बसले, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं.

“इथे दारातच कशी होती?”

“तुमच्या बायकोची कृपा,” बाई म्हणाल्या. “कधीची सांगून गेलीये. म्हणाली, बाई, खुर्ची दाराशी ठेवा, पण ते मागत नाहीत तोवर देऊ नका. आपणहून दिलीत तर रुसतील. येता-जाता माझी करंगळी ठेचतेय तिला. अजून आठवडाभर मागितली नसतीत तर मी तुमच्या अंगावर फेकणार होते.”

मिस्त्री हसायला लागले. तेवढ्यात वरून चपलांचा आवाज आला. बायको खाली येत होती, पण चौथ्या मजल्यावरून नाही. तिसऱ्याच्या वळणावरून.

“तू इथे काय करत होतीस?”

“रोज असते,” ती म्हणाली. “तुम्ही शटर ओढलंत की चहा ठेवते आणि खाली येऊन उभी राहते. तुमची पावलं पुन्हा सुरू झाली की वर पळते. चहाचा काढा काय उगाच होतो?”

मिस्त्रींनी मान खाली घातली. “परत आलंय,” ते म्हणाले.

“माहितीये.”

“कधीपासून?”

“तुम्हाला कळलं त्याच रात्रीपासून. कूस बदललीत आणि मनगट उशीखाली दडवलंत. मला काय एवढंही कळू नये?”

“पण तू तर घोरत होतीस.”

“मी?” बायको त्यांच्या पायाशी पायरीवर बसली. “मी आयुष्यात कधी घोरलेय? मी झोपले असं वाटलं की तुम्ही तुमची नाडी बघायचात. म्हटलं बघू देत बापडे, निदान दुर्लक्ष तरी करत नाहीयेत. घसा कोरडा पडला माझा.”

बाईंनी तोंडाला पदर लावला आणि आत पाणी आणायला गेल्या.

“सांगितलं का नाहीस मग?” मिस्त्रींनी विचारलं.

“सांगितलं असतं तर म्हणाला असतात, तुझं आपलं काहीतरीच. तुमच्या तोंडून यायला हवं होतं. पण मीही जरा जास्तच ताणलं. आज तुम्ही कठड्याला धरलंत ना, तेव्हा माझा जीव राहिला नव्हता जागेवर. आणखी एक क्षण, की आलेच होते खाली.” मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“मला वाटलं, तुला परत तेच सगळं नको. आत्ता कुठे तू निवांत झाली होतीस. आणि मी सगळ्या बाजारभर सांगत सुटलेलो, बरा झालो म्हणून.”

बाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या होत्या. “मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “तुम्ही सांधलेली खुर्ची पुन्हा हलायला लागली तर गिऱ्हाईक परत आणतं ना? त्याला काय सांगता?”

“सांगतो, ठेवा, बघू. पुन्हा बसवू सांधा.” मिस्त्री म्हणाले. “कधी कधी दोनदा बसवावा लागतो.”

बाईंनी पेला त्यांच्या हातात दिला.

“उद्या डॉक्टरांना फोन करतो,” मिस्त्री म्हणाले.

“उद्या नाही, आत्ता,” बायको म्हणाली. “नंबर लावलाय.”

दवाखान्यातल्या नर्सने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिला काहीच नवल वाटलं नाही, याचंच मिस्त्रींना नवल वाटलं. छातीत दुखतंय का, भोवळ येतेय का, तिने विचारलं. नाही म्हटल्यावर सकाळी पहिल्या वेळेला यायला सांगितलं. मधेच तसं काही झालं तर थांबू नका, सरळ निघून या, असंही बजावलं. मग विचारलं, त्रास नेमका कधीपासून? मिस्त्री आठवू लागले. बायकोने फोन काढून घेतला आणि तारीख सांगितली.

फोन ठेवून तिने त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

“काय म्हणतंय?” मिस्त्रींनी विचारलं.

“उड्या मारतंय नुसतं.”

“आता कसं व्हायचं गं?”

“व्हायचं ते होईल. तुमचे ठोके धड होते तेव्हा तरी तुम्ही कुठे धड वागत होतात? सांभाळलंच ना तुम्हाला?”

मिस्त्री हसले. ठोके काही त्याने सुधारले नाहीत, पण पाठ खुर्चीला टेकली. पहिल्यांदाच त्यांना ती खुर्ची बरी वाटली. तिचा डावा हात जरा हलत होता. उद्या दवाखान्यातून आल्यावर बघायला हवा होता. खुर्ची तिथेच ठेवून दोघं सावकाश वर गेली, तिसऱ्या मजल्यावर थांबून, कुठलीही नोटीस न वाचता.

त्या रात्री बायको त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून आडवी झाली. मिस्त्रींनी हात जराही हलवला नाही. बोटांखाली ठोके अजून वेडेवाकडेच पडत होते, पण थोड्याच वेळात ती बोटं सैल पडली. ती झोपली होती, अजिबात आवाज न करता.