मध्यंतरातला हार

“परीक्षा दिली तेव्हा नाही समजलं, पास झालं की जावं लागते म्हणून?” उपरण्यावर इस्त्री आपटत तुळशीराम वाघचौरे म्हणाला.

“फॉर्म तुम्ही भरून आणला, बाबा. मी फक्त पेपर दिला.” अपूर्वा वेणी घालत होती. “बुधवारी मी महाराजपुरातच असेन.”

“काहून? तिथं कोण बाप बसलाय तुझा?”

“बाप इथं बसलाय नं, म्हणून तिथं बरं वाटते तिला,” स्वयंपाकघरातून अंजनीने, त्याच्या बायकोने, फोडणी दिली.

दिल्लीतल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नर्सिंग ऑफिसर! हजारोंतून नंबर लागला होता, बुधवारी हजर व्हायचं होतं. आणि ही पोरगी महाराजपुराच्या पुढे, कुष्ठरोग्यांच्या बारा खाटांच्या आश्रमात आजवरसारख्याच जखमा बांधत बसणार!

“दिल्लीत मी नाही गेले तर दुसरी जाईल. इथं दुसरी येतच नाही. दोन वर्षं झाले, शोधून राहिले ते.”

“येत नाही, कारण दुनियेला अक्कल आहे.”

तुळशीराम चौतीस वर्षं फॅक्टरीत लेथवर उभा राहिला होता. बढतीच्या परीक्षेला तो कधी बसला नाही. रविवारची ड्युटी लागली असती आणि कीर्तन बुडालं असतं. साहेब होऊन निवृत्त झालेले थोरले भाऊ, भय्यासाहेब, चारचौघांत म्हणत, “आमचा तुळशी गातो छान हो.” ते ‘छान’ लेथच्या लोखंडी किसासारखं नखाखाली रुतून बसलं होतं. कोणाला दिसत नव्हतं, पण ठणकत होतं.

त्याने इस्त्री बंद केली आणि आतल्या खोलीत जाऊन एक चिठ्ठी लिहिली.

कांचघरच्या ख्रिस्ती देवळात संध्याकाळी मंडळी दाटीने बसली होती. या हिंदी शहरात मराठी उपासनेला पंधरा डोकी जमली तरी पुष्कळ. पण तुळशीरामचं कीर्तन म्हटलं की दूरच्या मदन महल भागातूनही माणसं येत. अर्धं मराठी न कळणारी पोरंसुद्धा टाळ्या धरत. पांढरा फेटा, हातात झांज. तो एकदा प्रभूच्या नावात शिरला की आवाजातला सगळा खरखरीतपणा धुऊन निघे. पूर्वरंगात त्याने स्वतः रचलेलं पद घेतलं:

हार गळ्यात, शाल खांद्यावर, बसायला खुर्ची मोठी,
प्रभू विचारी, उभा राहिलास कोण्या दुखऱ्यापाठी?

म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. पेटीवाल्या श्रीरंगने सूर मिटवला आणि रीतीप्रमाणे मध्यंतर झालं. मध्यंतरात पाळकसाहेब कीर्तनकाराला हार घालत, मग जाहिराती, म्हणजे मंडळीच्या सूचना, वाचत. आज ताटात दोन हार होते.

“आनंदाची बातमी,” चिठ्ठी उलगडत पाळकसाहेब म्हणाले. “आपली अपूर्वा दिल्लीला जातेय. परवा निघतेय. बेटा, पुढं ये.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या बाकावरचे भय्यासाहेब वळून वळून मागे बघू लागले. तुळशीरामने झांज छातीशी धरली. भर मंडळीत नाही कशी म्हणेल?

अपूर्वा उठली. पुढे आली. पाळकसाहेबांनी हार उचलला, तो तिने हातातच अडवला आणि हळूच ताटात परत ठेवला.

“मी नाही जात आहे, पाळकसाहेब. बाबांना सकाळीच सांगितलं होतं.”

टाळ्या तुटक तुटक थांबल्या. भय्यासाहेब शेजारच्याला म्हणाले, “अच्छा! म्हणजे चिठ्ठी आमच्या तुळशी भगतजींची.” कोणीतरी हसलं.

उत्तररंग त्याने कसाबसा उरकला. ताल तीनदा चुकला.

घरी येताच त्याने फेटा खाटेवर फेकला. “मंडळीत नाक कापलं माझं! लाज नाही वाटली?”

“पद तुमचंच होतं, बाबा. मी लहानपणापासून ऐकून राहिले.”

“पद मंडळीसाठी असते! घरासाठी नसते!”

अंजनी कणीक मळत होती. तिचे हात थांबले. अपूर्वा ताटं मांडायला वळली. तुळशीरामचा राग तसाच होता. रात्रभर तो कूस बदलत राहिला आणि सकाळी त्याने स्कूटर काढून महाराजपूर गाठलं. आश्रमाच्या डॉक्टरांना तो सांगणार होता: माझ्या मुलीला कामावरून काढा. तुम्ही ठेवलं नाही तर झक मारून दिल्लीला जाईल.

डॉक्टर आत होते. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला. शेवाळलेल्या भिंतीशी उन्हात पट्ट्या वाळत होत्या. एक म्हातारा पाय ओढत आला. हाताला बोटं नव्हती. दोन्ही तळव्यांच्या मधे स्टीलचा ग्लास धरला होता.

“अपूर्वा दीदी के बाबूजी हैं न? लीजिए, चाय.”

प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला, ते आख्यान तुळशीरामने गावोगाव रंगवलं होतं. त्याने हात मांडीखाली घेतले.

“मैं चाय नहीं पीता.”

दारात अपूर्वा उभी होती. घरी दिवसातून पाच वेळा चहा मागणाऱ्या बापाकडे तिने क्षणभर पाहिलं. मग पुढे होऊन म्हाताऱ्याच्या हातातला ग्लास घेतला, उभ्या उभ्या पिऊन टाकला आणि त्याला परत दिला. “अच्छी बनी है, भगवानदीन दादा,” म्हणाली आणि ट्रे उचलून वॉर्डात गेली.

म्हातारा रिकामा ग्लास घेऊन वळला.

तुळशीराम खाली बघत बसला. आतून कोणाच्या तरी कण्हण्याचा आवाज आला, मग तिचा समजावणारा. घरात तिचा असा आवाज त्याने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

“दादा,” तो पाठमोऱ्या म्हाताऱ्याला म्हणाला. “और है क्या?”

“है तो. पर ठंडी हो गई, बाबूजी.”

“चलेगी.”

म्हाताऱ्याने ग्लास भरून आणला. तुळशीरामने तो घेतला, त्या तळव्यांना आपले हात लागले तसे लागू दिले. चहावर साय धरली होती.

तेवढ्यात डॉक्टर दारात आले. “नमस्ते. कहिए, क्या काम था?”

“कुछ नहीं, जी,” तुळशीराम म्हणाला. “चाय पी रहा हूँ.”