डावी कड

रविवारी सकाळी ती उठायच्या आधीच तिचा नवरा खिडकीजवळची खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवत असे. खुर्चीचे आणि ट्रायपॉडचे पाय नेमके कुठे यायचे, यासाठी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केलेल्या होत्या. फरशी पुसताना त्या निघाल्या की तो गुडघ्यांवर बसून नव्या लावी. पडदा अर्धा सरकवलेला, दिवे बंद. ती तोंड धुऊन, केस सारखे करून चहाचा कप घेऊन येई, कप खिडकीच्या कठड्यावर ठेवी आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र दोन्ही हातांनी पूर्ण उघडून समोर धरी. चेहरा पेपराच्या वर दिसला पाहिजे आणि बोटं दोन्ही कडांना दिसली पाहिजेत, एवढ्याच अटी. "हं, वाच आता," तो म्हणे, आणि ती खरोखरच वाचू लागे. शटरचे बारीक आवाज होत. "झालं," असं तो म्हणेपर्यंत चहा अजून पिण्याजोगा असे.

तो बांधकामांचे आराखडे तपासणारा इंजिनीअर होता आणि महागड्या कॅमेऱ्यांच्या शौकिनांचा जो एक ग्रुप होता, त्यात त्याच्या शब्दाला वजन होतं. नवी लेन्स घेण्याआधी लोक त्याला विचारत, घेतल्यावर फोटो त्याला दाखवत, आणि तो "ठेवा" म्हणाला तरच खोकं टाकून देत. भिंतींचे आणि विटांचे फोटो काढायला कोणी लेन्स घेत नाही, असं त्याचं मत होतं. माणसाची कातडी, डोळा, कपड्याची वीण आणि छापील बारीक अक्षर एकाच चित्रात आलं पाहिजे. म्हणून बायको आणि वर्तमानपत्र. ग्रुपवर या फोटोंना 'रविवारचा पेपर' म्हणत. तिच्या भुवईवरचा तीळ अनोळखी माणसांनी मोठा करकरून पाहिलेला होता. तिचा पहिला पांढरा केसदेखील तिच्या आधी त्यांनीच पाहिला होता, आणि त्याच्या सुस्पष्टतेचं कौतुक केलं होतं.

ती दंतवैद्य होती. स्वतःचा दवाखाना, दोन खुर्च्या, हाताखाली एक धाकटी डॉक्टर. आणि गेले काही महिने तिचा उजवा हात थरथरत होता.

फार नाही. हात मांडीवर असताना अंगठा आपल्याच तंद्रीत हलायचा. एखादी वस्तू थोडा वेळ धरून ठेवली की थरथरीची एक लकेर बोटांतून मनगटापर्यंत जायची. हत्यार उचलल्यावर सुरुवातीला हात शहाण्यासारखा वागे, मग मध्येच बिनसे. हे काय असू शकतं याचा अंदाज तिला होता. पुस्तकं तिनेही वाचलेली होती. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मनाशी मात्र तिने एक ठरवलं होतं, आणि ते ठरवताना आपण लबाडी करतो आहोत हेही तिला कळत होतं: नवऱ्याला हात दिसेल त्या दिवशी काम थांबवायचं, तोवर नाही. आपण बोललो की ते खरं होईल. त्याने पाहिलं तर निदान ते दोघांचं होईल. जो माणूस दर रविवारी आपल्याकडे इतक्या बारकाईने बघतो, त्याच्या नजरेतून हे किती दिवस सुटणार?

ते सुटलं नाही. फक्त त्याचं नाव वेगळं पडलं.

त्याने नुकतीच एक लेन्स घेतली होती, त्या लेन्सचा पहिला 'रविवारचा पेपर' ग्रुपवर गेला, आणि ज्याला सगळे 'पिक्सेल' म्हणत त्या तरुण हिशेबनिसाने लिहिलं, "सर, चित्राची डावी कड मऊ वाटते. खेळाच्या पानावरचे आकडे वाचताच येत नाहीत. उजवीकडे मात्र जाहिरातीतला फोन नंबरसुद्धा लख्ख!"

ती कॅमेऱ्याकडे तोंड करून बसे, त्यामुळे चित्राची डावी कड म्हणजे तिचा उजवा हात.

ग्रुपमधल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदाने, ज्यांना सगळे काका म्हणत, निदान केलं. आतली एखादी काच मध्यापासून सरकली आहे. परत करा, लाजू नका. नवऱ्याने तत्त्वाला मुरड घालून भिंतीचाही फोटो काढला. भिंत दोन्ही कडांना सारखीच स्पष्ट होती. काकांनी कळवलं की असा दोष जवळच्या अंतरावरच उघडा पडतो, आणि ते सर्वांना पटलं. लेन्स परत गेली. त्याच लेन्सचा दुसरा नग आला. डावी कड पुन्हा मऊ.

"अख्खा माल खराब दिसतोय," तो जेवताना म्हणाला. "माझ्या सांगण्यावरून तिघांनी घेतलीय गं. त्यांनाही आता डावीकडे मऊ दिसायला लागलंय. एकाने तर परत पाठवलीसुद्धा."

"त्यांनाही दिसतंय?" तिने विचारलं.

"एकदा सांगितल्यावर दिसणारच ना!" त्याने टॅबलेट तिच्या ताटाशेजारी सरकवला. बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. पडदाभर तिचा अंगठा होता. त्याची कड दुहेरी झाली होती, जणू एका अंगठ्यामागे दुसरा उभा राहून डोकावत होता.

तिने घास खाली ठेवला. "माझं बोटही अस्पष्ट आलंय," ती म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी! बोटापासूनच सुरू होतं."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो चित्राकडे पाहत होता, मनापासून, कपाळाला आठ्या घालून. एखाद्या इमारतीत तडा सापडला की तो असाच होई, हे तिला माहीत होतं. त्याच्या या चेहऱ्यावर कधीकाळी तिचा जीव जडला होता.

त्याच आठवड्यात दवाखान्यात एका निवृत्त शिक्षकांच्या दाढेचं काम ती करत होती. काम जवळपास संपलेलं. दाढेतून हत्यार बाहेर काढताना अंगठ्यातून ती लकेर गेली आणि फिरतं टोक गालाच्या आतल्या बाजूला ओझरतं लागलं. रक्त थोडंसंच आलं.

"मान हलवलीत तुम्ही," ती म्हणाली.

वाक्य तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. तोंडात कापूस घेऊन त्या गृहस्थांनी हात वर करून क्षमा मागितली. चूळ भरल्यावर शब्दांतही मागितली. "सॉरी हं डॉक्टर, माझंच चुकलं. आता नाही हलणार." मग ते खुर्चीचे हात घट्ट धरून, मान ताठ करून, शिक्षा झालेल्या मुलासारखे बसले. तिने कोपर बरगड्यांशी दाबून धरला, श्वास रोखला आणि उरलेलं काम संपवलं. ते जाताना पुन्हा एकदा "त्रास दिला तुम्हाला," असं म्हणून गेले.

ती घरी आली तेव्हा नवरा फोनवर होता. तिसरा नग मिळाला होता. रविवारी काका आणि पिक्सेल स्वतःच येणार होते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सोक्षमोक्ष.

रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीत तिघे पुरुष आणि एक भलामोठा पडदा होता. फोटो काढला की त्यावर ताबडतोब दिसावा म्हणून कॅमेऱ्याला जोडलेला. काकांनी स्वतःचं अंतर मोजायचं यंत्र आणलं होतं. पिक्सेलने चपला दाराबाहेर इतक्या सरळ रेषेत काढल्या होत्या की तिला हसू आलं.

"डॉक्टरीणबाई, घाबरू नका," काका म्हणाले. "परीक्षा लेन्सची आहे, तुमची नाही."

"पास झाले तर काय देणार?"

"अहो, तुम्ही तर कायमच्या पहिल्या! ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी तुमच्या तोंडाकडे बघून लेन्ससाठी कर्ज काढलंय."

ती पेपर उघडून बसली. शटर वाजलं. तिघांनी पडद्याकडे माना वळवल्या. पिक्सेलने चित्राची डावी कड मोठी केली. आकडे विरघळल्यासारखे दिसत होते.

"तिसरीही?" काका हळूच म्हणाले, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं.

नवरा ट्रायपॉडशेजारी मटकन बसला. "म्हणजे दोष कॅमेऱ्यातच आहे. काका, दोन वर्षं मी लोकांना सल्ले देतोय या कॅमेऱ्यावरून."

"सर, एक शंका आहे. बोलू का?" पिक्सेल म्हणाला. तो पडद्यापासून वळून थेट तिच्याकडे बघत होता. "वहिनी…"

"बोला ना," ती म्हणाली. तिच्या हातातल्या पेपरची कड कुरकुरत होती. तो आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येण्यासारखा होता. तिला वाटलं, आता. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीखाली इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी येतंय की काय असं झालं.

"पेपर नीट ताणून धरलाय ना? मध्ये खोलगट झाला की कडा फोकसबाहेर जातात."

"अरे, हे मी आधी कसं नाही म्हटलं!" काका उठले. ते तिच्या अगदी जवळ आले, वाकले, पेपराची खालची घडी दोन बोटांनी सरळ केली. तिचा अंगठा त्यांच्या चष्म्यापासून वीतभर अंतरावर हलत होता. "हं. असा ताठ. जरा जोर लावून धरा बाई."

तिने कोपर बरगड्यांशी दाबला. श्वास रोखला. हे आपण का केलं, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नसतं. त्यांना मदत म्हणून असेल, रागाने असेल, किंवा दवाखान्यात रोज करून करून अंगवळणी पडलं म्हणूनही असेल. शटर वाजलं.

पडद्यावर खेळाच्या पानावरचा आकडा न् आकडा उभा राहिला.

पिक्सेलने टाळी वाजवली. काकांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "लेन्स हिऱ्यासारखी आहे हो! दोष पेपराचा! डॉक्टरीणबाई, दोन लेन्स उगाच परत करायला लावल्यात तुम्ही आम्हाला!"

सगळे हसले. नवराही हसला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला होता की तो पाच-दहा वर्षांनी तरुण दिसत होता. "अगं, आधीच नीट धरायचंस ना!" तो म्हणाला.

"सॉरी हं," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

आणि हे शब्द आपण या आठवड्यात कुणाच्या तोंडून ऐकले, ते तिला आठवलं. तिने पेपर घडी घालून खाली ठेवला, उजवा हात डाव्या हातात धरला आणि चहा टाकायला आत गेली.

पाहुणे गेल्यावर तो टॅबलेट घेऊन सोफ्यावर बसला होता. फोटो ग्रुपवर टाकून झाला होता. खाली अभिनंदनांची रांग लागली होती. लेन्स परत पाठवून बसलेल्याने हळहळ व्यक्त केली होती. कुणीतरी विनोदाने 'वहिनींना हात धरायला शिकवा' असं लिहिलं होतं आणि त्याखाली हसणारे चेहरे होते.

ती त्याच्या शेजारी बसली. "माझा हात बघितलास?"

"बघितला ना!" त्याने चित्र मोठं केलं. "ही नखाजवळची कातडी बघ. एकेक रेघ मोजून घे. आधीच्या लेन्समध्ये हे कधी दिसलंच नसतं."

खरंच सुंदर चित्र होतं. घट्ट धरल्यामुळे पांढरी पडलेली बोटं त्यात फार स्वच्छ आली होती. प्रत्यक्षातला हात त्याच्या गुडघ्यापासून चार बोटांवर होता आणि अंगठा हलत होता.

"दमलीस का गं?" त्याने एकदम विचारलं. "उगाच तुला सकाळभर बसवून ठेवलं. थांब, पाणी आणतो." आणि तो खरोखरच उठला, पाणी घेऊन आला, ग्लास तिच्या डाव्या बाजूला ठेवला आणि तिच्या पाठीमागे उशी सारली. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर तिला हे सोपं गेलं असतं. ती पाणी प्यायली. त्याला दिसण्याची आपण वाट बघत होतो, आणि त्या वाट बघण्याची किंमत दुसऱ्याच कुणाच्या तरी गालाने मोजली होती. तिने हे त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं, तो हादरला असता, मग रात्रभर जागून याविषयी वाचलं असतं. आणि उद्या सकाळी त्याला धीर देण्यात तिचा वेळ गेला असता. उद्याची सकाळ तिला दुसऱ्या कामासाठी हवी होती.

सोमवारी ती नेहमीपेक्षा लवकर दवाखान्यात गेली. धाकटी डॉक्टर ॲप्रनची गाठ मारत होती.

"मॅडम, आज इतक्या लवकर?"

"बस जरा. आजपासून माझे सगळे पेशंट तू बघायचेस. मी तपासेन, सल्ला देईन. हत्यार हातात घेणार नाही."

धाकटी गोंधळली. "का? हात दुखतोय का?"

"थरथरतो. बरेच महिने झाले." बोलायला एवढंसंच होतं, याचं तिला नवल वाटलं. "गेल्या आठवड्यात एकांना माझ्याकडून लागलं. त्यांनी मान हलवली नव्हती. मी त्यांना खोटं सांगितलं."

धाकटीने डॉक्टरांच्या हाताकडे पाहिलं, मग नजर न चोरता पुन्हा पाहिलं, आणि "बरं," म्हणाली.

स्वतःच्या केबिनमध्ये जाऊन तिने आधी त्या शिक्षकांना फोन करून खरं काय ते सांगितलं. मग मेंदूविकारतज्ज्ञांकडे फोन करून वेळ घेतली. पलीकडच्या बाईने नाव, वय विचारलं आणि मग विचारलं, "सोबत कोण येणार?"

"कुणी नाही. मी येईन."

दहा वाजता पहिली पेशंट आली, अक्कलदाढ काढायला. खुर्चीत आडवी झाल्यावर तिने डावी-उजवीकडे पाहिलं. "डॉक्टर, तुम्ही नाही करणार?"

"नाही. आता या करतील. यांचा हात चांगला आहे."

ती खुर्चीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला, मदतनिसाच्या जागी जाऊन उभी राहिली. लाळ ओढून घेणारी नळी तिने डाव्या हातात घेतली, उजवा हात ॲप्रनच्या खिशात घातला, आणि धाकटीला मान हलवून सुरुवात करायला सांगितलं.