निम्मी तुझी, निम्मी माझी

मी स्टेरॉईडची गोळी बोलतेय. पांढरी, शर्टाच्या बटणाएवढी, पोटावर एक चीर. कारखान्यात पिठासारखी भुरभुरत होते, तेव्हा वाटायचं आपण ढगच आहोत. मग यंत्राने दाबलं आणि पाकिटात बसवलं.

तिथून आले दोघी बहिणींच्या घरी. दोघी पडदे शिवायच्या. निळं कापड पसरलेलं असायचं, वारा आला की अख्खी खोली पोहतेय असं वाटायचं. धाकटीच्या फुप्फुसांवर तिच्याच शरीराने डूख धरला होता. माझ्या मैत्रिणी तिच्या पोटात गेल्या आणि तिला श्वास पुरू लागला. शिवताना ती गुणगुणू लागली, तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला! पण आमचं येणं फुकटचं नसतं. तिला सारखी भूक लागायची, झोप उडाली, चेहरा गोल गरगरीत झाला.

"आरशात कोण गं ही?" ती विचारायची.

"चंद्र उगवलाय आपल्याकडे," थोरली चिडवायची.

दोघींची एक खोड होती. लहानपणापासून जे मिळेल ते निम्मं निम्मं. थोरलीचे गुडघे धरले, तेव्हा धाकटीने आम्हाला चिरेवर मोडायला सुरुवात केली. "मला गुण आला ना? तुलाही येईल. निम्मी तुझी, निम्मी माझी." डॉक्टरांना विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

थोरलीचे गुडघे खरंच हलके झाले. धाकटी मात्र कोमेजली. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन ग्रंथी असतात, आमच्यासारखंच काहीतरी त्या घरच्या घरी बनवतात. आम्ही महिनोन्‌महिने आयतं पुरवत राहिलो, म्हणून त्या गाढ झोपल्या होत्या. गोळी निम्म्यावर आली तरी त्यांना एकाएकी जाग येत नाही. धाकटीला उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती निळ्या कापडावरच कोसळली.

"थोडक्यात वाचल्या," दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही गोळी वाटून खायची नाही, एकदम कमीही करायची नाही. मी सांगेन तशी हळूहळू उतरवू. तुमच्या गुडघ्यांचं वेगळं बघू." थोरली भिंतीकडे तोंड करून रडली.

आज मी थोरलीच्या तळहातावर आहे. धाकटीचं खाणं झालंय. मी आत जाईन, त्या झोपलेल्या दोन ग्रंथींच्या उशाशी थोडा वेळ बसेन आणि विरघळून जाईन. माणसांनो, मला घाबरू नका. फक्त आपल्या मनाने मला घेऊ नका आणि आपल्या मनाने सोडूही नका.

"तुझे गुडघे दुखतायत ना गं?" धाकटी विचारते.

"दुखू देत," थोरली पाण्याचा पेला पुढे करते. "तू अख्खी गिळ."